टेक्सासला राहून न्यूयॉर्कचा टॅक्स? (घरून काम आणि स्टेट टॅक्सचा घोळ)

मेथीकूट | १४ सप्टेंबर २०२५

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा घाईचा आहे, कारण घर विकायला काढायची वेळ जवळ आली आहे.

आम्ही सध्या एडिसनला, न्यू जर्सीत. माझं ऑफिस मॅनहॅटनला, पण २०२० पासून मी जवळजवळ पूर्ण वेळ घरूनच काम करते. तीन महिन्यांतून एकदा दोन-तीन दिवस ऑफिसात तोंड दाखवून येते. नवऱ्याला डॅलसजवळ नवी नोकरी लागली आहे, त्यामुळे डिसेंबरात फ्रिस्कोला हलायचं ठरतंय. माझा मॅनेजर म्हणतो, कुठूनही काम कर, मला काही फरक पडत नाही.

टेक्सासला स्टेट इन्कम टॅक्स नाही. म्हणून आम्ही माझ्या पगारातून जाणारा न्यूयॉर्कचा टॅक्स नव्या वर्षापासून शून्य धरला आणि ती रक्कम घराच्या हप्त्यात बसवूनही टाकली. गणपतीत एकांकडे जेवायला गेलो होतो. तिथे पंगतीत शेजारी बसलेले गृहस्थ ऐकून हसले आणि म्हणाले, "न्यूयॉर्क असं सोडत नाही हो कुणाला." पुढे वाढपी आला आणि विषय आमटीत बुडाला.

खरंच असं आहे का? मी तिथे राहणार नाही, तिथे बसून काम करणार नाही, मग टॅक्स कशाचा?

काळाचहा | १४ सप्टेंबर

काही काळजी करू नका. १८३ दिवसांपेक्षा कमी राहिलात की त्या स्टेटचा टॅक्स लागत नाही. तुम्ही तर वर्षात दहा दिवस जाणार.

रिकामा_डबा | १४ सप्टेंबर

रुमाल टाकून ठेवतो. माझं पण असंच एक लफडं आहे, सॅन होजे ते ऑस्टिन. जेवून येतो आणि लिहितो.

उंबरठा | १४ सप्टेंबर

काळाचहा, १८३ दिवसांचा नियम वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे हो. तुम्ही न्यूयॉर्कचे *रहिवासी* ठरता का, हे त्यावरून बघतात. तिथे कायमची राहण्याची जागा असेल आणि वर्षात १८३ पेक्षा जास्त दिवस तिथे घालवले, तर डोमिसाइल दुसरीकडे असलं तरी ते तुम्हाला रहिवासी धरतात. त्यातही दिवसाचा काही भाग गेला तरी अख्खा दिवस मोजतात. पण रहिवासी नसलेल्यालाही तिथे *कमावलेल्या* पगारावर पहिल्या दिवसापासून टॅक्स लागतो. चौदा दिवसांची सवलत ऐकली असेल, ती मालकाने पगारातून कापायचं की नाही याबद्दल आहे. तुमची देणी त्याने माफ होत नाहीत.

मेथीकूट, पंगतीतले गृहस्थ बरोबर बोलले. मी ईए (एन्रोल्ड एजंट, म्हणजे सरकारमान्य टॅक्स सल्लागार) आहे, गेली बरीच वर्षं ट्रायस्टेट भागातल्यांची, म्हणजे न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कनेटिकटवाल्यांची रिटर्न भरतो. तुमचे कागद माझ्यासमोर नाहीत, तेव्हा हा सल्ला नव्हे, माहिती समजा.

न्यूयॉर्कचा नियम असा. तुमचं नेमून दिलेलं ऑफिस न्यूयॉर्कमध्ये आहे आणि तुम्ही बाहेरच्या स्टेटमध्ये घरी बसून काम करता. तर ते घरून काम *कुणाच्या गरजेपोटी* आहे? मालकाचं काम तिथे बसल्याशिवाय होणारच नसेल, तर तो दिवस न्यूयॉर्कबाहेरचा. तुमच्या सोयीसाठी असेल, तर तुम्ही फ्रिस्कोत असा नाहीतर फलटणला, तो दिवस न्यूयॉर्कमध्ये काम केल्यासारखाच मोजायचा. याला सगळे कन्व्हिनियन्स रूल म्हणतात. 'सोय' हा शब्द इथे ऐकायला जितका गोड, तितकाच महाग.

मेथीकूट | १४ सप्टेंबर

माझी कसली सोय? नवऱ्याची नोकरी आहे तिथे!

उंबरठा | १४ सप्टेंबर

न्यूयॉर्कच्या लेखी तीही तुमचीच सोय. नवऱ्याची बदली, आईबाबांची तब्येत, मुलाची शाळा, गॅरेजवाल्या घराची हौस, सगळं एकाच रकान्यात जातं. तुमच्या मालकाला फ्रिस्कोत माणूस *लागतो* का, एवढाच प्रश्न. मॅनेजर म्हणतो "मला फरक पडत नाही", आणि दुर्दैवाने हे वाक्य तुमच्या विरुद्धचा पुरावा आहे. फरक पडत नाही, म्हणजे गरज नाही.

गव्हाची_खीर | १५ सप्टेंबर

पण मग मेथीकूट आत्ता एडिसनला बसून काम करते तेव्हा काय होतं? तेव्हाही हाच नियम लागू असेल ना? मी पण एडिसनचीच, नवऱ्याचं ऑफिस वॉल स्ट्रीटजवळ, म्हणून विचारते.

उंबरठा | १५ सप्टेंबर

लागू आहेच. फक्त दुखत नाही, म्हणून कळत नाही.

तुमच्या घरचा डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा मालकाचा कागद, काढा. खाली १५, १६, १७ नंबरचे चौकोन बघा. १६ नंबरच्या चौकोनात न्यूयॉर्कच्या नावापुढे *पूर्ण* पगार असेल, चौकोन १ मध्ये आहे तेवढाच. न्यूयॉर्कला तो तसाच दाखवावा लागतो. तुम्ही आयटी-२०३, म्हणजे रहिवासी नसलेल्याचं रिटर्न, भरून न्यूयॉर्कला टॅक्स देता. मग न्यू जर्सीचं रिटर्न, एनजे-१०४०, भरताना तुम्ही रहिवासी म्हणून तोच पगार पुन्हा दाखवता, आणि दुसऱ्या स्टेटला दिलेल्या टॅक्सचं क्रेडिट घेता. ते क्रेडिट न्यू जर्सीच्या स्वतःच्या टॅक्सपेक्षा जास्त मिळत नाही. दोघांचा मिळून दीड लाख पगार धरला आणि तो सगळा न्यूयॉर्कचा असला, तर न्यूयॉर्क साधारण सात हजारांच्या पुढे घेतं, न्यू जर्सीचा टॅक्स साडेपाच हजारांच्या आसपास बसतो. साडेपाच वजा होतात, वरचे दीड-दोन हजार अंगावर पडतात. लोक म्हणतात, "न्यू जर्सीला काही द्यावं लागत नाही", आणि खूश असतात.

टेक्सासला गेलं की हे गणित उलटं बसतं. टेक्सासचा टॅक्सच नाही, तर क्रेडिट देणार कोण आणि कशाविरुद्ध? न्यूयॉर्कची रक्कम जशीच्या तशी राहते. म्हणजे मेथीकूट, तुमच्या हिशोबातले 'शून्य' डॉलर्स बहुधा आठ हजारांच्या घरात आहेत.

आणखी एक. रहिवासी नसलेल्याचा टॅक्स काढताना न्यूयॉर्क आधी दोघांचं मिळून *सगळं* उत्पन्न धरून टॅक्स काढतं, मग त्यातला न्यूयॉर्कचा वाटा घेतं. नवऱ्याच्या टेक्सासच्या पगारावर टॅक्स लागत नाही, पण त्या पगारामुळे तुमचा दर वर सरकतो.

मेथीकूट | १५ सप्टेंबर

डोकं धरून बसलेय. कुणी कोर्टात नाही गेलं का याविरुद्ध?

उंबरठा | १५ सप्टेंबर

गेले की. दोन नावं या धंद्यात सगळ्यांना पाठ असतात.

एडवर्ड झेलिन्स्की, मॅनहॅटनच्या कार्डोझो लॉ स्कूलमध्ये टॅक्सचा कायदाच शिकवणारे प्राध्यापक. राहायला कनेटिकटमध्ये न्यू हेवनला. आठवड्यातले काही दिवस वर्गावर, बाकी दिवस घरी बसून लिखाण. घरच्या दिवसांचा पगार न्यूयॉर्कचा नाही, असं त्यांचं म्हणणं. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च कोर्टात, म्हणजे कोर्ट ऑफ अपील्समध्ये, ते हरले.

दुसरे थॉमस हकाबी. हे मेथीकूटबाईंच्या अगदी जवळचं उदाहरण. नोकरी न्यूयॉर्कच्या संस्थेत, काम प्रोग्रॅमरचं, घर टेनेसीत. तिथेही पगारावर इन्कम टॅक्स नाही. वर्षातलं साधारण तीन चतुर्थांश काम घरून. त्यांनी न्यूयॉर्कला फक्त तिथल्या दिवसांचा टॅक्स दिला. न्यूयॉर्क म्हणालं, शंभर टक्के द्या. २००५ मध्ये निकाल ४ विरुद्ध ३ असा त्यांच्या विरोधात गेला आणि अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच घेतलं नाही.

झेलिन्स्की मास्तर चिवट. कोविडात शहर बंद, वर्गच ऑनलाइन, मग घरून काम ही माझी सोय कशी, म्हणून २०१९ आणि २०२० च्या टॅक्सवर पुन्हा भांडले. टॅक्स अपील्स ट्रिब्युनलने याच वर्षी मे महिन्यात पुन्हा त्यांच्या विरोधात निकाल दिला.

ढोलकाठी | १५ सप्टेंबर

कोविडचा विषय निघालाच आहे तर आमची पण ऐका. मी न्यू हॅम्पशरात नॅशुआला राहतो, आता निवृत्त. तेव्हा ऑफिस बॉस्टनजवळ होतं. आमच्याकडे पगारावर टॅक्स नाही, मॅसॅच्युसेट्सला ५ टक्के. आधी मी रोज जायचो तेव्हा द्यायचो, तक्रार नव्हती. मार्च २०२० पासून एक दिवस गेलो नाही. तरी मॅसॅच्युसेट्सने तात्पुरता नियम काढला की पूर्वी इथे काम करत होतात ना, मग घरून केलेलं कामही इथलंच.

आमचं स्टेट चिडलं आणि ऑक्टोबर २०२० मध्ये थेट सुप्रीम कोर्टात गेलं, एक स्टेट दुसऱ्यावर! आम्ही इथे मॅच बघावी तशी बातमी बघत होतो. जून २०२१ मध्ये कोर्टाने दोन ओळींत सांगितलं, प्रकरण दाखल करून घेत नाही. का ते नाही सांगितलं. मॅसॅच्युसेट्सचा तो नियम १३ सप्टेंबर २०२१ ला संपला. माझे दीड वर्षाचे पैसे गेले ते गेलेच. माझी बायको अजून म्हणते, बॉस्टनवरून विमान पकडायचं नाही.

रोखठोक | १५ सप्टेंबर

थोडं वेगळं बोलतो, अंडी मारू नका. न्यूयॉर्कचं अगदीच चूक आहे का? तुमचा पगार मॅनहॅटनच्या भावाने मिळतो. ती कंपनी तिथे उभी आहे ती तिथल्या सबवे, पोलीस, कोर्ट, बँका या सगळ्याच्या जोरावर. फ्रिस्कोच्या कंपनीने तेवढा पगार दिला असता का? पगार न्यूयॉर्कचा पाहिजे आणि टॅक्स टेक्सासचा, हे म्हणजे जेवण एकाकडे आणि हात धुवायला दुसऱ्याकडे.

गव्हाची_खीर | १५ सप्टेंबर

त्या सबवेचा टॅक्स कंपनी भरतेच की. मेथीकूट वापरणार फ्रिस्कोचे रस्ते, मुलगा जाणार फ्रिस्कोच्या शाळेत, आणि त्याचे पैसे प्रॉपर्टी टॅक्समधून ती तिथे वेगळे भरणार. एकाच माणसाकडून दोन वेळा जेवणाचं बिल घ्यायचं आणि वर म्हणायचं, हात कुठे धुता.

रोखठोक | १५ सप्टेंबर

बरं, उपमा मागे घेतो. मुद्दा नाही.

रिकामा_डबा | १६ सप्टेंबर

आलो. माझी गोष्ट सांगतो, म्हणजे सगळी स्टेट्स न्यूयॉर्कसारखी नाहीत हे कळेल. कॅलिफोर्नियाचा दर भारी असला तरी तिथे हा सोयीचा नियम नाही. रहिवासी नसलेल्या माणसाने कॅलिफोर्नियाबाहेर बसून केलेल्या कामाचा पगार कॅलिफोर्निया घेत नाही, मालक सॅन होजेचा असला तरी. २०२२ मध्ये ऑस्टिनला आलो, महिन्याचा पगार सुटला. पार्टी केली.

पण आरएसयू! म्हणजे कंपनी आज मंजूर करते आणि काही वर्षांनी हातात देते ते शेअर. मला शेअर मिळालेले २०२० मध्ये, हातात आले २०२३ मध्ये. मला वाटलं, आता मी टेक्सासचा, सगळे शेअर टेक्सासचे. तसं नाही. शेअर मंजूर झाल्यापासून हातात येईपर्यंतच्या काळात तुम्ही कॅलिफोर्नियात किती दिवस काम केलं, तेवढा हिस्सा कॅलिफोर्नियाचा. कंपनीच्या पेरोलने सगळं टेक्सासच्या नावावर टाकलं होतं, मी डोळे झाकून तसंच भरलं. वर्षभराने फ्रँचाइज टॅक्स बोर्डाचं, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या टॅक्स खात्याचं पत्र. टॅक्स, व्याज, वर दंड. पेरोलला विचारलं तर म्हणे, "रिटर्नची जबाबदारी तुमची." बरोबरच आहे म्हणा, कायद्याने तशीच आहे.

मेथीकूट, तुला शेअर मिळत असतील तर आत्ताच यादी कर, कधी मंजूर झाले, कधी हातात येणार.

उंबरठा | १६ सप्टेंबर

हे महत्त्वाचं. न्यूयॉर्कलाही शेअरचा हिशोब मंजुरीपासून हातात येईपर्यंतच्या कामाच्या दिवसांवरच होतो. त्यामुळे समजा उद्या तुम्ही न्यूयॉर्कच्या कचाट्यातून पूर्ण सुटलात, तरी जुन्या शेअरची शेपटी दोन-तीन वर्षं मागे राहील.

कोलंबियाकाठ | १६ सप्टेंबर

आमच्याकडे याची एक सुखद आवृत्ती आहे. मी वॉशिंग्टन स्टेटमधल्या व्हँकुव्हरला राहते, ऑफिस नदीपलीकडे पोर्टलंडला. वॉशिंग्टनला पगारावर टॅक्स नाही, ओरेगॉनला चांगला दणदणीत आहे. पण ओरेगॉन माझ्यासारख्याकडून फक्त मी पूल ओलांडून तिथे प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांचा घेतं. मी आठवड्यातून दोनदा जाते. फ्रिजवर कॅलेंडर आहे, पोर्टलंडच्या दिवसावर लाल टिकली लावते. वर्षाअखेरीला मुलगी टिकल्या मोजते आणि तिला पाच डॉलर मिळतात. तिलाही टॅक्सबद्दल आता ठाम मतं आहेत.

काळाचहा | १६ सप्टेंबर

म्हणजे हा सोयीचा नियम फक्त न्यूयॉर्कचा?

उंबरठा | १६ सप्टेंबर

नाही. पेनसिल्व्हेनिया, डेलावेअर, नेब्रास्का यांच्याकडेही या ना त्या रूपात आहे. कनेटिकट म्हणतं, जे स्टेट आमच्या माणसांना हा नियम लावेल, त्याच्या माणसांना आम्हीही लावू. जशास तसं. न्यू जर्सीनेही २०२३ मध्ये तेच केलं. शिवाय न्यू जर्सीच्या त्याच कायद्यात एक बक्षीस आहे. जो रहिवासी न्यूयॉर्कशी भांडून घरच्या दिवसांचा टॅक्स परत मिळवेल, त्याला त्यामुळे न्यू जर्सीला द्याव्या लागणाऱ्या टॅक्सच्या निम्म्याइतकं क्रेडिट. म्हणजे 'तुम्ही लढा, आम्ही कपडे सांभाळतो.' आर्कान्सॉने मात्र २०२१ मध्ये आपला नियम रद्द केला.

याच्या उलट, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियाचा आपसात जुना करार आहे, पगारावर फक्त राहत्या स्टेटने टॅक्स घ्यायचा. न्यू जर्सीतल्या चेरी हिलचा माणूस फिलाडेल्फियात नोकरी करत असेल तर स्टेटचा टॅक्स न्यू जर्सीलाच. मात्र फिलाडेल्फिया शहराचा वेज टॅक्स वेगळा, तो करारात नाही आणि साडेतीन टक्क्यांच्या आसपास बसतो. तिथे पुन्हा तोच प्रश्न विचारतात, मालकाने शहराबाहेर काम करायला *लावलं* की तुम्ही स्वतः घरी बसलात?

न्यूयॉर्क शहराचा एक भला मुद्दा सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल हा माणूस फक्त रडवतो. शहराचा इन्कम टॅक्स बाहेर राहणाऱ्याला नाही. पूर्वी रोज येणाऱ्यांवर कम्युटर टॅक्स होता, तो १९९९ मध्ये गेला.

सांगलीची_हळद | १७ सप्टेंबर

मी सांगलीत बसून बेंगळुरूच्या कंपनीचं काम करतो आणि हा धागा एखादी भयकथा वाचावी तसा वाचतोय. आपल्याकडे पगारावरचा इन्कम टॅक्स केंद्राचा. राज्याच्या वाट्याला फक्त व्यवसाय कर, महाराष्ट्रात महिना दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. त्याच्यावर कुठल्याच राज्याला जाता येत नाही, घटनेच्या कलम २७६ मध्येच मर्यादा घालून ठेवली आहे. महाराष्ट्राने आणि कर्नाटकाने माझ्यावरून सुप्रीम कोर्टात भांडायचं म्हटलं तर वकिलाच्या चहाचेही पैसे निघणार नाहीत. सीमाप्रश्नात माझं नाव यायचं राहिलं ते राहिलंच.

ढोलकाठी | १७ सप्टेंबर

@सांगलीची_हळद, 😄 जागा आहे का हो सांगलीत?

गव्हाची_खीर | १७ सप्टेंबर

सांगलीवरून आठवलं. नवरा दर वर्षी सहा आठवडे कोथरूडला आईकडे जाऊन काम करतो, तीन आठवडे रजा आणि तीन आठवडे लॅपटॉप. ते दिवस तरी न्यूयॉर्कबाहेरचे ना?

उंबरठा | १७ सप्टेंबर

रजेचे दिवस कामाचे दिवस म्हणून मोजतच नाहीत. लॅपटॉपचे तीन आठवडे मात्र न्यूयॉर्कचेच. कोथरूड ही कंपनीची गरज नव्हे, सासूबाईंची असेल.

कामाच्या निमित्ताने कंपनीने पुण्याला धाडलं असेल, तिथल्या टीमला शिकवायला वगैरे, तर गोष्ट वेगळी. ते दिवस बाहेरचे धरता येतात, पत्र आणि ईमेल जपून ठेवा. भारतात टॅक्स लागेल का, ही पुढची शंका तुमच्या मनात असेलच. भारतात बसून केलेल्या कामाचा पगार तत्त्वतः भारतात करपात्र. पण भारत-अमेरिका करारातलं १६ वं कलम आहे. तुम्ही अमेरिकेचे रहिवासी, भारतात १८३ दिवसांपेक्षा कमी मुक्काम, पगार देणारा भारतातला नाही आणि पगाराचा बोजा त्याच्या भारतातल्या शाखेवर पडत नाही, तर भारत घेत नाही. तीन आठवड्यांना अडचण नाही. आणि चुकून भारतात टॅक्स भरावा लागलाच, तर न्यू जर्सी परदेशी टॅक्सचं क्रेडिट देत नाही, हे लक्षात असू द्या.

कागदी_घोडा | १७ सप्टेंबर

सगळे टॅक्सच्या मागे, पण मेथीकूट, तू एच१बी वर, म्हणजे कंपनीने काढलेल्या नोकरीच्या व्हिसावर आहेस का? असशील तर टॅक्स हा तुझा दोन नंबरचा प्रश्न. एडिसनच्या घराचा पत्ता ज्या महानगर भागात येतो त्यात तुझं एलसीए आहे, म्हणजे व्हिसासाठी कंपनीने कामगार खात्याकडे कामाची जागा दाखवून भरलेला अर्ज. फ्रिस्को त्या भागाबाहेर. हलायच्या *आधी* कंपनीने व्हिसाचं सुधारित पिटिशन (अर्ज) भरावं लागतं. सिमेओ नावाच्या व्हिसा प्रकरणातल्या २०१५ च्या निकालापासून हे पक्कं आहे. "मॅनेजर म्हणाला कुठूनही कर" हे इमिग्रेशनला चालत नाही. माझ्या ओळखीत एकाने आधी सामान हलवलं आणि मग एचआरला कळवलं. पुढचे चार महिने त्याला झोप नव्हती.

मेथीकूट | १७ सप्टेंबर

एच१बी वरच आहे. 🙈 हे माझ्या डोक्यातच नव्हतं. बरं झालं विचारलं.

आता सरळ प्रश्न. यातून बाहेर पडायचा काही मार्ग आहे का? घर बदलायचं तर नक्की आहे, नवऱ्याने सही केली आहे.

उंबरठा | १७ सप्टेंबर

तीन मार्ग सांगतो, अवघड आधी.

पहिला. तुमचं फ्रिस्कोचं घर हेच कंपनीचं खरंखुरं ऑफिस आहे असं दाखवायचं. न्यूयॉर्कच्या टॅक्स खात्याचं २००६ चं परिपत्रक आहे. घराजवळ अशी खास सुविधा असेल जी न्यूयॉर्कमध्ये नाही, उदाहरणार्थ गाड्यांची चाचणी घ्यायचा ट्रॅक, आणि तिथेच काम असेल, तर एका फटक्यात पास. तसं नसेल तर दुय्यम सहा अटींपैकी चार आणि इतर दहापैकी तीन. दुय्यम म्हणजे कशा, तर घरून काम ही नोकरीची लेखी अट, तिथे ऑफिस असण्यामागे कंपनीचं व्यावसायिक कारण, मुख्य कामापैकी काही काम तिथे करणं, ग्राहकांना तिथे नियमित भेटणं, कंपनीने आपल्या इमारतीत तुम्हाला ठरलेली जागा न देणं, घरच्या ऑफिसचा खर्च कंपनीने भरून देणं. खुर्ची आणि मॉनिटर दिला म्हणजे खर्च दिला असं नाही. माझ्या अनुभवात पगारदार माणसाचा यात क्वचित निभाव लागतो, कारण निम्म्या अटी कंपनीच्या हातात असतात.

दुसरा. कंपनीचं न्यूयॉर्कबाहेर, शक्यतो टेक्सासमध्ये, ऑफिस आहे का? असेल तर तुमची नेमणूकच तिकडे करून घ्यायची. लेखी, तारखेसह, एचआरच्या सिस्टिममध्ये, आणि खरोखरची: तिथे बसायला जागा, अधूनमधून जाणं, शक्य तर वरिष्ठही तिथला. नेमून दिलेलं ऑफिसच न्यूयॉर्कमध्ये नसलं की सोयीचा प्रश्न उरत नाही. मग फक्त मॅनहॅटनला प्रत्यक्ष जाऊन काम केलेले दिवस न्यूयॉर्कचे. वर्षात कामाचे दिवस २४० धरले आणि दहा दिवस तिकडे गेलात, तर आठ-साडेआठ हजारांऐवजी साडेतीनशे डॉलरच्या आसपास.

तिसरा. काहीच जमलं नाही तर टॅक्स द्या, हप्त्याचं गणित नव्याने मांडा आणि दोन वर्षांनी नोकरी बदला. हसू नका, अनेकांनी हेच केलंय.

रोखठोक | १७ सप्टेंबर

अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, एकदाचा सगळ्या देशाचा एक नियम करावा की.

उंबरठा | १७ सप्टेंबर

विधेयक कितीतरी वर्षं आहे. तीस दिवसांपर्यंत दुसऱ्या स्टेटमध्ये काम केलं तर तिथे टॅक्स नाही, अशी त्याची कल्पना. हाउसने, म्हणजे खालच्या सभागृहाने, ते एकापेक्षा जास्त वेळा मंजूरही केलं, सेनेटमध्ये अडतं. न्यूयॉर्कचे खासदार त्याला टाळ्या वाजवतील अशी अपेक्षा ठेवू नका. आणि ते विधेयक आलं तरी मेथीकूटबाईंचा प्रश्न त्याने सुटेलच असं नाही, ते मुख्यतः फिरतीवर जाणाऱ्यांसाठी आहे.

कोलंबियाकाठ | १८ सप्टेंबर

अवांतर: टेक्सासचा प्रॉपर्टी टॅक्स बघितलास ना, मेथीकूट?

मेथीकूट | १८ सप्टेंबर

बघितला. एडिसनकरांना प्रॉपर्टी टॅक्सची भीती दाखवू नये.

मेथीकूट | २ नोव्हेंबर

अपडेट देते, कारण अर्धवट सोडलेले धागे मलाही आवडत नाहीत.

कंपनीचं फ्रिस्कोजवळ प्लेनोला छोटं ऑफिस आहे, सेल्सवाल्यांचं. मला माहीतच नव्हतं. मॅनेजरला सांगितलं तर तो म्हणाला, "मग तिकडे जात जा आठवड्यातून एकदा, त्यात काय." एचआरला मात्र ते 'त्यात काय' वाटलं नाही. सहा आठवडे, चौदा ईमेल. वकिलाचं मत, वित्त विभागाची मंजुरी, आणि एक क्षण असा आला की फ्रिस्कोच्या दराने पगार कमी करू म्हणाले. रोखठोक, तुमची आठवण आली. शेवटी पगार तसाच ठेवला, पण पुढच्या वर्षीची वाढ तिकडच्या बाजारभावाने. पत्र मिळालं: १ जानेवारीपासून नेमणुकीचं ठिकाण प्लेनो. एच१बी चं सुधारित पिटिशन गेल्या आठवड्यात गेलं, पावती आली.

कागदी_घोडा | २ नोव्हेंबर

पावतीची प्रत स्वतःकडे ठेव. आणि सामान नंतर हलव.

उंबरठा | २ नोव्हेंबर

छान झालं. आता आठवड्यातून एकदा खरंच जा. बॅजच्या नोंदी, पार्किंग, विमानाची तिकिटं, सगळं जपा. ऑडिट झालं तर सिद्ध करायची जबाबदारी तुमची असते. ते मोबाइलच्या नोंदीही मागतात, ईझीपासच्या, म्हणजे टोलच्याही. टेक्सासचं लायसन्स ९० दिवसांत, गाडीची नोंदणी ३० दिवसांत करून टाका. एडिसनचं घर विकलं नाही आणि भाड्यानेही दिलं नाही, तर न्यू जर्सी विचारायला येईल.

मेथीकूट | २२ जानेवारी २०२६

फ्रिस्कोहून नमस्कार. पहिली पे-स्लिप आली. न्यूयॉर्कचा टॅक्स पूर्ण कापलेला आहे. 😡

रिकामा_डबा | २२ जानेवारी

पेरोल म्हणजे पेरोल.

उंबरठा | २२ जानेवारी

त्यांच्या सिस्टिममध्ये जुनं ठिकाण राहिलं असेल. एचआरचं पत्र जोडून लगेच कळवा, आणि आयटी-२१०४.१ भरून द्या. रहिवासी नसल्याचं आणि न्यूयॉर्कमध्ये किती टक्के काम करणार याचं ते प्रमाणपत्र आहे. तुमचे दिवस बघता टक्केवारी चार-पाचच्या आसपास लिहा. जे जास्त कापलं गेलं ते या वर्षाच्या रिटर्नमध्ये परत मागता येईल, फक्त पैसे वर्षभर तिकडे पडून राहतील.

मेथीकूट | २३ जानेवारी

पाठवलं. उत्तर आलं, "पुढच्या पगारात बघू." आणि हो, मुलाने काल मला विचारलं, आई, तू प्लेनोच्या ऑफिसात जाऊन नक्की काय करतेस? तिथे माझ्या टीमचं कुणीच नाही. मी कॉफी घेते, खिडकीजवळ बसते आणि न्यूयॉर्कच्या लोकांशी व्हिडिओवर बोलते.

कोलंबियाकाठ | २३ जानेवारी

फ्रिजवर लाल टिकली लावायला विसरू नकोस.